नाका उठला, नाव राहिलं

आमच्या कनेरगाव नाक्यावर एका पोराच्या गाडीच्या मागच्या मडगार्डवर मोठ्या अक्षरात '३०२' लिहिलेलं आहे. पोरगा सरळ आहे. पोलीस ठाण्याची पायरी तो आयुष्यात एकदाच चढला, तीही मोबाईल हरवल्याची तक्रार द्यायला, आणि तो अर्जही मीच टाइप करून दिला होता. मागे त्याला म्हटलं, "बावा, १ जुलै २०२४ पासून कायदा बदलला. भारतीय न्याय संहितेत खून आता १०३ आहे. नंबर बदलून घे." तो हसला. म्हणाला, "१०३ ला दम नाही दादा."

त्याच पोराची दुसरी गोष्ट. नाक्यावरच्या हॉटेलात आम्ही चहा पीत बसलो होतो. माझा चुलतभाऊ आला आणि बाकावर टेकला. पोरानं बाकावर ठेवलेला मोबाईल उचलून खिशात घातला. बोलला काही नाही, तोंडही वाकडं केलं नाही. भावानं पाहिलं, मी पाहिलं. माझा भाऊ तीन वर्षांची शिक्षा भोगून आलेला माणूस आहे. चोरीची नाही, मारामारीची. पण मोबाईल खिशात गेला.

म्हणजे मडगार्डवर ३०२ चालतो, पण ३२६ भोगून आलेला माणूस शेजारी बसलेला चालत नाही. या दोन गोष्टींमधल्या अंतराबद्दल मला भांडायचं आहे. भांडण तुमच्याशी आहे आणि माझ्याशीही आहे, कारण या धंद्यात मी पैसे घेतले आहेत. ते पुढे सांगतो.

भावानं गुन्हा केला होता. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर निरपराध माणसाला अडकवल्याची गोष्ट येतेय असं समजून तुम्ही डोळे पुसायच्या तयारीत बसाल. धुऱ्याचं भांडण होतं. आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात, आणि तो दरवर्षी नांगराच्या एका तासानं इकडे नाहीतर तिकडे सरकतो. २०१५ च्या पेरणीच्या दिवसांत भावानं भावकीतल्याच एका माणसाला कुऱ्हाडीच्या तुंब्यानं मारलं. त्या माणसाचा उजवा हात कोपरात मोडला तो कायमचा वाकडा झाला.

फिर्यादीत भावाबरोबर काकांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचंही नाव होतं. काका त्या दिवशी बाजाराला गेले होते. पण आमच्याकडे फिर्याद देताना घरातल्या सगळ्या माणसांची नावं घालायची रीत आहे, समोर मतदारयादी ठेवून लिहिल्यासारखी. सुरुवातीला कलम ३०७, खुनाचा प्रयत्न, लागलं. त्यामुळे जामीन लवकर झाला नाही. झाला तेव्हाही काका आणखी दोन महिने आतच राहिले, कारण जामीनदार मिळेना. सातबारा घेऊन कोर्टात उभं राहणारा माणूस लागतो. मी ज्याला ज्याला विचारलं, त्याचा त्याचा सातबारा नेमका त्याच आठवड्यात पीककर्जाच्या फायलीत अडकलेला निघाला.

शहरात जामीन हा पैशाचा प्रश्न असेल. गावात तो तुमच्या बाजूनं कोण उभं राहतं याचा प्रश्न असतो. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणली, तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदत ठरवली होती. चांगली गोष्ट आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच अडकलेला माणूस जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल, तर त्याला सोडायला हवं (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून). हेही चांगलं. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती आणि त्यांतली ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी होती. म्हणजे आत बसलेल्या दर चार माणसांतल्या तिघांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. यांतले कितीतरी पुढे सुटतात, काकांसारखे.

२०१८ ला निकाल लागला. काका निर्दोष. भावाला तीन वर्षं. आधीचे अकरा महिने वजा होऊन उरलेली शिक्षा भोगून तो २०२० च्या सुरुवातीला बाहेर आला. दोनच महिन्यांत टाळेबंदी लागली, आणि सगळं गाव दारं लावून बसलेलं बघून तो म्हणाला होता, "चला, तुम्ही बी आत आले."

तेवढाच एक विनोद त्यानं केलेला मला आठवतो.

आता लक्ष द्या. एक माणूस दोषी, दुसरा निर्दोष. कोर्टानं तीन वर्षं साक्षीपुरावे तपासून दोघांमध्ये फरक केला. गावानं तो फरक एका दिवसात पुसून टाकला. काकांना एका गोदामावर रात्रपाळीचा राखणदार म्हणून काम मिळत होतं. मालकानं पोलिसांचा दाखला मागितला. त्यात गुन्ह्याची नोंद आली, पुढे 'न्यायालयाकडून निर्दोष मुक्तता' असंही आलं. मालक म्हणाला, "निर्दोष असतील हो, पण होते ना आत?" काकांनी मला विचारलं, "मग कोर्टात कशाला गेलो होतो आपण?" मला उत्तर देता आलं नाही. अजून देता येत नाही.

भावाचं तर विचारूच नका. २०२१ मध्ये पुण्याकडे एका ठेकेदाराकडे कामाची सोय झाली होती. अर्ज मीच भरत होतो. गुन्ह्याच्या रकान्यापाशी थांबून म्हटलं, "काय लिहू?" तो म्हणाला, "जे हाय ते लिही." लिहिलं. ठेकेदाराचा फोन पुन्हा आला नाही.

मग तो काय करतो? फेब्रुवारी-मार्चात आमच्याकडे हळद निघते. कंद काढायचे, शिजवायचे, वाळवायचे, ढोलात घालून पॉलिश करायचे, मग मोंढ्यात न्यायचे. या दिवसांत मजूर मिळत नाही. हळद शिजवायचा कुकर रात्रभर चालतो, वाफेनं अंग भाजतं, सकाळी माणूस स्वतःच अर्धा शिजलेला असतो. या कामाला इतरांना रात्रीचे सातशे मिळाले, तेव्हा भावाला पाचशे मिळाले. मी म्हटलं, भांडत का नाहीस? म्हणाला, "त्याला माहीत हाय, मी कुठं जाणार."

डागाबद्दल आपण बोलतो तेव्हा भावनेच्या भाषेत बोलतो: समाज स्वीकारत नाही, मन मोठं करा, त्यांनाही संधी द्या. ही भाषणं मी दोन ऑक्टोबरला बरीच ऐकली आहेत आणि मला त्यांचा कंटाळा आला आहे. कारण त्यांत दोनशे रुपयांचा हिशोब कुठेच नसतो. भावाचा डाग त्या कुकरमालकाला दर रात्री दोनशे रुपये मिळवून देतो. तो मालक वाईट माणूस नाही, उलट "मी निदान काम तरी देतो" असं म्हणतो, आणि ते खरंही आहे. पण ज्याच्याकडे दुसरं दार नाही असा माणूस स्वस्त पडतो. आत असतानाही तो स्वस्तच होता. २०२३ च्या वाढीनंतरही आपल्या राज्यात कैद्याच्या हाती दिवसाला शंभर रुपये पडत नाहीत. बाहेर आला तेव्हा तीच सवलत आपण पुढे चालू ठेवली.

तुम्ही म्हणाल, माणूस गुन्हेगार होता, लोक सावध राहणारच. सावध कोणापासून राहायचं याबद्दल आमच्या हिंगोलीचा अनुभव जुना आहे. इथे निजामाच्या कंटिंजंटची छावणी होती. पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही नावं अजून शहरात आहेत. फिलिप मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी निजामाच्या नोकरीत होता. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ मध्ये आली. तिच्या प्रस्तावनेत तो हिंगोलीबद्दल सांगतो की, या भागातल्या ठगांचा म्होरक्या हरिसिंग हा इथला प्रतिष्ठित व्यापारी होता, आणि इतरांसारखाच खुद्द टेलरनंही त्याच्याशी व्यवहार केला होता. लुटलेला माल छावणीतच उघड विकला जात होता आणि कुणाला संशय आला नव्हता.

यातून सरकारनं शिकायचं होतं की प्रतिष्ठा बघून माणूस ओळखता येत नाही. शिकले उलटं. १८३६ च्या कायद्यानं ठगांच्या टोळीत असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला, कोणाला मारलं हे दाखवायची गरज उरली नाही. आणि १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला तेव्हा टोळीही लागेना, जन्म पुरेसा झाला. हरिसिंग प्रतिष्ठित व्यापारी होता म्हणून पुढे व्यापाऱ्यांची हजेरी घेतली गेली नाही. हजेरी कोणाची घेतली गेली? पारधी, कैकाडी, रामोशी, कंजारभाट अशा फिरत्या, बेजमीन माणसांची. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ मध्ये. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत तर जातीवरून कामं वाटण्याच्या आणि विमुक्तांना सराईत धरण्याच्या तरतुदी तशाच राहिल्या. सुकन्या शांता या पत्रकार त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्या घटनाबाह्य ठरवल्याची तारीख आहे ३ ऑक्टोबर २०२४. तुमच्या हातात तेव्हा फाइव्ह-जी आलेला होता.

शेजारच्या परभणीत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मेला. वडार समाजातला, वय ३५. पुढे जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला पोलिसांवर गुन्हा नोंदवा असा आदेश द्यावा लागला. पण तो गेला त्या आठवड्यात आमच्या गावच्या ग्रुपवर पहिला प्रश्न काय आला होता? "पण त्यानं केलं काय होतं?" माणूस कोठडीत मेला हे कळल्यावर आपल्या तोंडून निघणारा हा पहिला प्रश्न आहे. एकशे पन्नास वर्षांचा सराव आहे त्यामागे.

आणि डाग सगळ्यांना सारखा लागत नाही. डेव्हा पेजर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात एक साधा प्रयोग केला, २००३ मध्ये तो छापून आला. सारख्याच शिक्षणाची, सारख्याच बोलण्याचालण्याची तरुण पोरं नोकरी मागायला पाठवली. फरक दोनच: गोरा की काळा, आणि तुरुंगात जाऊन आल्याचं सांगणारा की न सांगणारा. डाग नसलेल्या गोऱ्यांना १०० पैकी ३४ ठिकाणांहून परत बोलावणं आलं, डाग असलेल्या गोऱ्यांना १७. डाग नसलेल्या काळ्यांना १४. डाग असलेल्या काळ्यांना ५. पुन्हा वाचा. तुरुंगात जाऊन आलेला गोरा कधीच तुरुंगात न गेलेल्या काळ्याच्या पुढे होता. आमच्या नाक्यावर कोणी असा प्रयोग केलेला नाही, पण गोऱ्याच्या जागी आणि काळ्याच्या जागी कोणती आडनावं लिहायची हे नाक्यावरच्या कोणालाही विचारा, तो चहाचा कप खाली न ठेवता सांगेल. माझ्या भावाला पाचशे तरी मिळतात, कारण आमचं गावात घर आहे, भावकी आहे, चार एकर आहे. तांड्यावरचा किंवा पारध्याच्या पालावरचा पोरगा असता तर कुकरजवळही उभं केलं नसतं.

आता माझं.

कनेरगावच्या नावात नाका आहे. इकडे निजामाचं राज्य, तिकडे इंग्रजांचा वऱ्हाड, आणि मध्ये माल तपासायचा नाका, असं आमचे म्हातारे सांगायचे. १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही मुंबई राज्यात आले. तेव्हापासून तपासायला काही उरलं नाही. इकडचा माणूस 'मला' म्हणतो आणि तिकडचा 'मले', एवढाच काय तो फरक. नाका उठला त्याला सत्तर वर्षं होत आली, पण गावाला कोणी नुसतं कनेरगाव म्हणत नाही. काळीपिवळीवाला ओरडतो तेही "नाका, नाका" असंच.

या नाक्यावर माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, पोलीस भरतीचे फॉर्म. आणि एक काम असं आहे जे माझ्या दरपत्रकावर लिहिलेलं नाही. सोयरीक जमवायच्या आधी मुलीकडचे येतात, चिठ्ठीवर मुलाचं नाव लिहिलेलं असतं. "बघ बरं टाकून." ई-कोर्टच्या साइटवर राज्य, जिल्हा, कोर्ट निवडायचं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकायचं, कॅप्चा भरायचा. नाव असेल तर समोर येतं. एका नावाचे मी पन्नास रुपये घ्यायचो.

दोन वर्षांपूर्वी असेच दोघं आले. मुलगा वाशिमकडचा. नाव टाकलं, खटला निघाला. मारामारी, दंगल असली कलमं. शेवटच्या ओळीत खटला निकाली निघाल्याचं आणि आरोपी निर्दोष सुटल्याचं इंग्रजीत लिहिलं होतं. मी प्रिंट काढून दिली. ती ओळ मी वाचून दाखवली नाही. लपवायची म्हणून नाही, मागे चार जण रांगेत होते, पीकविम्याची शेवटची तारीख होती, मी पन्नासची नोट ड्रॉवरमध्ये टाकली आणि पुढचा आधार क्रमांक विचारला. त्यांनी कागदावर फक्त मुलाचं नाव आणि त्याच्यापुढची कलमं पाहिली. सोयरीक मोडली. तो मुलगा महिन्याभरानं माझ्या केंद्रावर आला. मला वाटलं भांडेल. त्यानं विचारलं, "हे नाव तिथून काढायचं काही करता येतं का?" मी म्हटलं, माझ्या हातात नाही. तेही खरंच होतं.

ज्या घरात काका राहतात त्याच घरात मी राहतो, आणि तरी मी हे केलं. गावानं नवा नाका उभा केला आहे आणि त्याचा शिपाई मी आहे. जुना नाका निदान माल तपासून सोडून द्यायचा.

तुमच्याबद्दल बोलू? तुमच्या फोनमध्ये जिल्ह्यातल्या दोन-तीन बातम्यांच्या चॅनेलचे ग्रुप असतील. त्यांवर 'आरोपी जेरबंद' म्हणून फोटो येतात. मागे पोलीस ओळीनं उभे, पुढे खाली बसवलेली पोरं. कधी तोंड झाकलेलं, कधी नाही. तुम्ही ते पुढे पाठवता. त्यांतला एखादा चार वर्षांनी सुटतो तेव्हा त्याचा फोटो कुठल्याच ग्रुपवर येत नाही. त्याचं तोंड मात्र तुमच्या गॅलरीत 'जेरबंद'च राहतं.

आणि गंमत अशी की आपल्याला माफ करता येत नाही असं नाही. चांगलं येतं. २०२४ ची विधानसभा आठवा. नाका जिल्ह्याच्या हद्दीवर असल्यानं निवडणुकीत तो पुन्हा जिवंत होतो. तंबू लागतो, गाड्यांच्या डिक्क्या उघडून रोकड शोधतात. त्याच दिवसांत भावाला पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून द्या. पोळ्याला येतं, गणपतीला येतं, निवडणुकीला येतं. तो सही करून पायी परत येत होता आणि रस्त्यानं एका उमेदवाराची मिरवणूक चालली होती, जेसीबीतून फुलं पडत होती. त्या उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात गुन्ह्यांचा रकाना भरलेला होता. मी स्वतः वाचलं होतं, ते सगळ्यांसाठी खुलं असतं. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेनं त्या निवडणुकीत विजयी झालेल्या २८६ जणांची प्रतिज्ञापत्रं तपासली. १८७ जणांनी आपल्यावर गुन्हे असल्याचं स्वतः लिहून दिलेलं होतं.

यावर त्यांचे कार्यकर्ते म्हणतात, आरोप आहेत हो, सिद्ध कुठे झालेत? आंदोलनातल्या केसेस आहेत. बरोबर! मी शब्दाला शब्द हेच म्हणतोय. आरोप म्हणजे दोष नाही. मग हे वाक्य काकांसाठी गोदामाच्या दारात कोणी का म्हटलं नाही? आंदोलनांतले खटले मागे घ्यायचे शासन निर्णय आपल्याकडे वेळोवेळी निघतात, आणि निघावेत, वीस-बावीस वर्षांच्या पोरांचं आयुष्य एका रास्ता रोकोपायी वाया जाऊ नये. पण याचा अर्थ सरकारला आणि गावाला ठाऊक आहे की गुन्ह्याची नोंद हा दगडावरचा लेख नाही, तो पुसता येतो. फक्त पुसायला मागे गर्दी लागते. धुऱ्याच्या भांडणामागे गर्दी नसते.

एक कायदा तर असा आहे की तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छापण्यात चूक वाटली होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५) प्रमाणे तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येत नाही, तो कच्चा कैदी असला तरी. पण कच्च्या कैद्याला तुरुंगातून निवडणूक लढवता येते. आत असताना काकांना आमदार होता आलं असतं, मतदार होता आलं नसतं.

आता ज्याचा हात मोडला त्याच्याबद्दल. हे टाळून लिहिणं खोटेपणा होईल. तो आमच्याच भावकीतला आहे, आमचं बोलणं बंद आहे. पण मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात पंगतीत शेजारी आला आणि मी धीर करून विचारलं. डाव्या हातानं जेवत होता. म्हणाला, "तो आत गेला म्हणून माझा हात सरळ झाला का? दंडातले पैसे दवाखान्याच्या पहिल्या बिलाला बी पुरले नाहीत. पण मी त्याला माफ करणार नाही, तू सांगू बी नको." मी सांगितलं नाही. माफ करणं हा त्याचा हक्क आहे, तो त्यानं बजवावा किंवा बजवू नये. मला खटकतं ते हे की ज्याचा हात मोडला त्याला कोणी काही दिलं नाही, आणि ज्यांचं काहीच मोडलं नाही ते त्याच्या नावानं रोज वसुली करतात. कुकरमालकाचे दोनशे त्याच्या दवाखान्याला जात नाहीत.

तर मला काय हवंय? मन मोठं करा असं मी म्हणणार नाही. मनं आहेत तेवढीच राहणार. कागद बदला.

इंग्लंडमध्ये १९७४ पासून कायदा आहे: शिक्षेनंतर ठरावीक वर्षं माणूस नीट राहिला की बहुतेक कमी मुदतीच्या शिक्षा 'संपलेल्या' धरल्या जातात, आणि साध्या नोकरीसाठी त्या सांगायची सक्ती राहत नाही. लहान मुलांसोबतच्या कामाला, काही जबाबदारीच्या जागांना अपवाद आहेत, आणि ते असायलाच हवेत. मुलांशी वाईट वागलेल्या माणसाला शाळेत ठेवा असं मी कशाला म्हणेन? पण हळद शिजवायला, पोती उचलायला, गोदामाचं कुलूप राखायला दहा वर्षांपूर्वीच्या धुऱ्याच्या भांडणाचा काय संबंध? आपल्याकडेही हे तत्त्व अनोळखी नाही. बाल न्याय कायदा, २०१५, कलम २४: अठराच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर काही गंभीर प्रकरणं सोडता, त्याची अपात्रता राहत नाही आणि ठरलेल्या मुदतीनंतर कागदपत्रंही नष्ट करायची. सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या पोराला जे कळतं आणि अठरा वर्षं एक महिन्याच्या पोराला जे कळतं, त्यात असा कोणता डोंगर आहे?

निर्दोष सुटलेल्या माणसाचं नाव शोधात येता कामा नये. पोलिसांच्या दाखल्यात निर्दोष मुक्ततेचा गुन्हा छापता कामा नये. खासगी मालकाला दाखला मागायचा असेल तर कोणत्या कामासाठी आणि का, हे त्यानं लिहून द्यावं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी २०१६ चा अवतार सिंग खटल्याचा निकाल वाचावा. किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणाऱ्यानं विचार करावा असं त्यात आहे, पण लपवलं तर अवघड होतं. पहाटे पाचला नाक्याच्या रस्त्यावर धावणाऱ्या पोरांपैकी कितींना हे माहीत आहे? त्यांना ३०२ माहीत आहे.

आणि मी? मी नाव बघून देणं बंद केलं आहे. दारावर कागद चिकटवला: 'येथे कोणाच्याही नावावरील केस बघून मिळणार नाही.' त्यानं माझे महिन्याचे सात-आठशे रुपये गेले.

गेल्या शनिवारी एक गृहस्थ आले, धोतर, टोपी, हातात चिठ्ठी. कागद वाचला नाही का म्हटलं, तर म्हणाले चष्मा नाही. मग मी त्यांना बसवून सांगितलं की, काका, पोराला विचारा, त्याच्या गावच्या दोन माणसांना विचारा, घरी जाऊन या, पण हे नको. अर्धा तास बोललो. काकांची गोष्ट सांगितली, त्या वाशिमच्या पोराची सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा घेतला. म्हणाले, "खरं हाय तुमचं."

मग चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "वाशिमला बघून घेतो." बाहेर काळीपिवळी उभीच होती.